पानावरचं मीठ

माझ्या सासूबाईंना मिठाचा चमचा दाखवला तर त्या आधी चमच्याकडे बघतात, मग दाखवणाऱ्याकडे, आणि चमचा गुपचूप डब्यात परत जातो. मीठ मुठीनं घालायचं असतं असं त्यांचं ठाम मत. हिरकणी त्यांचं नाव. मी त्यांना आई म्हणते, अख्खं वरदांडी गाव हिरकणीकाकू म्हणतं, आणि डहाणूपासून बोर्डीपर्यंत किनाऱ्यावर कुठल्याही घरात लग्न निघालं की मांडववाल्याच्या आधी काकूंची तारीख घेतली जाते.

त्यांची दोन व्रतं आहेत. एक, देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय पातेल्यातलं काही चाखायचं नाही. वासही मुद्दाम घ्यायचा नाही, आणि नैवेद्य झाला की लगेच पंगत, मधे चाखायला सवड नसते. दोन, पंगत उठली की उष्टी पानं नेतात त्या वाटेवर उभं राहायचं आणि प्रत्येक पानाचा वरचा कोपरा बघायचा. पान मांडलं की पहिल्यांदा तिथं चिमूटभर मीठ वाढतात ना, ते. मीठ वाढलं तसंच परत आलं म्हणजे स्वयंपाक जमला. कोणी कितीही "वा वा" म्हणो, आई लोकांच्या तोंडावर विश्वास ठेवत नाहीत, पानावर ठेवतात. त्यांच्या हातची पानं मिठासकट परत येतात, ही गावात सांगण्यासारखी गोष्ट होती.

एकदाच काय ती नामुष्की झाली होती, तीही माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी. कैनाडला कोणाकडे तरी रांधायला गेल्या होत्या आणि तिथल्या पंगतीनं मीठ मागून मागून वाढप्यांना दमवलं. आईंनी त्यावर निकाल देऊन टाकला होता: "आतल्या गावांतली माणसं मीठच जास्त खातात. त्यांच्या जिभेला समुद्राची सवय नाही." त्यानंतर त्यांनी आतल्या गावांचं आमंत्रण घेतलं नाही. त्यांच्या हाताखाली कांदा चिरणारी ठकी स्वतः कैनाडची. ती हे ऐकून दर वेळी म्हणायची, "हिरकणीबाय, आमची जीभ बरी हाय. तुमचीच खारवलेली हाय." आणि दोघी हसायच्या.

आता माझ्याबद्दल. मी भाविका. केमिस्ट्रीत बी.एस्सी. केलं, लग्न होऊन वरदांडीत आले आणि मला वाटलं की पदवी आता ट्रंकेत जाणार. पण सासरे निघाले तात्या. तात्यांची चिकूची वाडी आहे, रक्तदाब आहे आणि गावाच्या पाणी समितीचं अध्यक्षपद आहे. या तिन्हींपैकी त्यांना फक्त शेवटच्याची काळजी असते. आमच्याकडे विहिरी भरपूर, पण सगळ्या मचूळ. पाऊसकाळात बऱ्या, होळी झाली की एकेक करून खारवत जातात. प्यायला टँकर, रांधायला देवळाची बारा महिने सारखीच मचूळ विहीर, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. तात्यांनी सरकारी कार्यालयांचे उंबरे झिजवून, एका संस्थेला गळ घालून, खाडीच्या तोंडाशी समुद्राचं पाणी गोडं करायचा छोटा प्लांट आणला आणि तो चालवायला मला बसवलं. "सून शिकलेली आहे, वाया कशाला घालवायची?" असं ते ग्रामसभेत माझ्यादेखत म्हणाले. मी रागवायचं की खूश व्हायचं हे ठरवेपर्यंत ठराव मंजूर झाला होता.

पाणी आलं आणि तक्रारीही आल्या. समुद्रात काय काय जातं, ते आम्ही प्यायचं का? मशीन पाण्यातलं सत्त्व काढून घेतं का? आमच्या शेजारच्या सुनिताताई तर म्हणाल्या की या पाण्यानं आंघोळ केली की अंगावरचा साबण निघतच नाही, हात बुळबुळीत राहतात, नक्की काहीतरी तेल मिसळतात. मी रोज संध्याकाळी टाकीजवळ उभी राहून तेच तेच सांगायची. समुद्राच्या एका लिटरात साधारण पस्तीस ग्रॅम क्षार असतात. मेंब्रेन नावाच्या बारीक पडद्यातून जोर लावून पाणी ढकललं की क्षार मागे राहतात आणि पाणी पुढे येतं. पण ते इतकं उघडंबोडकं असतं की तसंच सोडलं तर पाइप आणि सिमेंटची टाकी खात सुटेल. म्हणून ते चुनखडीच्या खड्यांवरून न्यायचं, म्हणजे त्याला थोडं कॅल्शियम मिळतं, चव येते आणि त्याची भूक शमते. मग मोजून क्लोरीन. बोरॉन म्हणून एक चोरटा पदार्थ असतो, तो पडद्यातून थोडा निसटतो. तो मर्यादेत आहे ना हे बघायला नमुना दर महिन्याला प्रयोगशाळेत जातो. मॅग्नेशियम कमी पडतं हे खरं आहे, ते डाळी-भाज्यांतून घ्या. आणि सुनिताताई, तेल नाही हो, साबण निघत नाही कारण आता तो नीट फेसाळतो. विहिरीच्या जड पाण्यात तो फेस न होता साका व्हायचा. तुम्हाला त्या साक्याचीच सवय झाली आहे.

"म्हणजे आम्ही इतकी वर्षं अस्वच्छ होतो म्हणते ही," असा सुनिताताईंनी त्याचा अर्थ लावला.

शेवटी तात्यांनी देवळासमोर खुर्ची टाकली, तांब्याभर पाणी एका दमात प्यायले आणि मिशा पुसून म्हणाले, "घ्या, बघून घ्या. मेलो तर समुद्रातच टाका, हिशोब पुरा." लोक हसले आणि हळूहळू प्यायला लागले. दोन-तीन महिन्यांत टँकर बंद झाला. देवळाच्या मांडवालाही प्लांटचा नळ जोडला गेला.

आणि त्याच मांडवात आमच्या घरावर संकट आलं.

देवळाचा भंडारा होता. आई नेहमीप्रमाणे पहाटेपासून चुलीवर, ठकी कांद्यावर, मी वाढायला. नैवेद्य झाला, पंगत बसली आणि पहिल्या घासालाच हात पानावर थांबले. मग एका टोकाकडून आवाज आला, "मीठ!" दुसरीकडून, "इकडे पण मीठ!" बघता बघता मी मिठाची वाटी घेऊन धावतेय आणि भाताचे वाढपी मोकळे उभे. वरण अळणी, भाजी अळणी. वाल तर शिजून पीठ झालेले. बिरड्यात दाणा शोधावा लागत होता. आईंच्या बिरड्यातला वाल कसा अखंड असतो आणि जिभेवर ठेवला की विरघळतो हे सांगताना आमच्या गावचे लोक डोळे मिटतात.

आई पानांच्या वाटेवर उभ्या होत्या. एकाही पानावर मीठ नव्हतं. त्यांनी पदरानं हात पुसले आणि घरी निघून गेल्या.

पुढच्या साखरपुड्याला पुन्हा तेच. त्यानंतरच्या वास्तुशांतीला पुन्हा तेच. लोक भले होते, तोंडावर कोणी बोललं नाही. पण आमच्या गावात भिंती पातळ आहेत. सुनिताताई कोणाला तरी म्हणत होत्या, "वय झालं गो तिचं. हात गेला." ते आईंनी ऐकलं. मला त्या बाईचा इतका राग आला की त्यांच्या घरचा नळ बंद करावा असं वाटलं. चावी माझ्याकडेच होती. पण पाणी समितीच्या सुनेला अशी चैन परवडत नाही.

तुम्ही म्हणाल, घरी कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? घरी तात्यांचा रक्तदाब. डॉक्टरांनी मीठ तोडलेलं, त्यामुळे आमच्याकडे स्वयंपाक पहिल्यापासून फिका होतो आणि ज्याला हवं तो वरून मीठ घेतो. तात्यांच्या पानात तर मीठ वाढतच नाहीत. बाकी गावात बायका रांधताना चाखतात, कमी वाटलं तर टाकतात. पाणी बदलल्यावर आठवड्याभरात प्रत्येकीचा हात आपोआप बदलला असणार आणि तिला ते कळलंही नसणार. न चाखता रांधणारी गावात एकच बाई होती.

हे सगळं मला आता सुचतंय. तेव्हा मी रोज पाण्याची केमिस्ट्री तपासत होते आणि माझ्या डोक्यात काडीचा प्रकाश पडला नव्हता.

वैशाखात माझ्या चुलत नणंदेचं, सरिताचं लग्न ठरलं होतं. तात्यांच्या धाकट्या भावाची ही मुलगी, पण आईंच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. सासर कुठलं? कैनाड! सरितानं बजावून सांगितलं होतं, "काकू, माझ्या लग्नात तूच रांधायचं. तुझ्या हातचं नसेल तर मी अक्षता पडू देणार नाही." आणि एका सकाळी आई चहा गाळता गाळता अगदी सहज म्हणाल्या, "डहाणूच्या त्या केटररला सांगून टाका. मी काय आता करत नाही."

तात्यांचा पेपर खाली आला. "का गं?"

"का म्हणजे काय? हात राहिला नाही. कैनाडवाल्यांसमोर पोरीची शोभा करू? तिला जन्मभर ऐकवतील."

आई रडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रडल्या नाहीत. त्यांनी त्यांचा मोठा पितळी डाव घासला, कापडात गुंडाळला आणि माळ्यावर टाकला. सासू-सुनेत होतात तशी आमची भांडणं होतात, पण त्या डावाशिवाय आई मला बघवेनात.

मग प्लांटच्या मेंब्रेनची धुलाई निघाली. ती अधूनमधून करावीच लागते, नाहीतर पडद्यांवर साका धरतो. त्यासाठी प्लांट बंद, टाकी रिकामी, आणि गाव पुन्हा देवळाच्या विहिरीवर. नेमकं त्याच दिवशी पलीकडच्या आळीत बारसं होतं आणि त्यांची रांधणारी बाई आजारी पडली. ते लोक हातापाया पडले म्हणून आई डोळे मिटून गेल्या. माळ्यावरचा डावही घेतला नाही.

दुपारी मी धुलाई आटपून तिथं पोचले तर ठकी अंगणात नाचायचीच बाकी होती. "भाविकाबाय, बघ, बघ!" तिनं पानांच्या ढिगाकडे बोट केलं. सगळ्या पानांच्या कोपऱ्यात मीठ जिथल्या तिथं. बिरड्यातला वाल अखंड. आई ओट्यावर बसून पाय हलवत होत्या आणि कितीतरी दिवसांनी कोणाला तरी चिडवत होत्या. "हात परत आला गो," त्या मला म्हणाल्या. "देवीनं दिला."

मी "हो" म्हणाले आणि पुढच्याच क्षणी मला आठवलं की आजचा स्वयंपाक विहिरीच्या पाण्यावर झाला होता. आणि उद्या प्लांट सुरू होणार होता.

दुसऱ्या दिवशी तात्या वाडीत गेल्यावर मी विहिरीचं एक लिटर पाणी आणलं, प्लांटचं एक लिटर आणलं आणि दोन स्वच्छ पातेल्यांत गॅसवर आटवायला ठेवलं. आई विचारू लागल्या, "चहा करतेस की काढा?" मी म्हटलं, "आई, जरा बसा." पाणी आटत आटत गेलं. प्लांटच्या पातेल्याच्या तळाशी नुसतं धुरकट पटल उरलं. विहिरीच्या पातेल्यात मात्र पांढरट राखाडी थर जमला होता. मी तो उलथन्यानं खरवडला आणि बशीत ठेवला. चांगला अर्धा चमचा भरला.

"चाखा," मी म्हटलं. "हा काही नैवेद्य नाही."

त्यांनी बोटावर घेऊन जिभेला लावला. "खारट. मागाहून कडू."

"खारट ते मीठ. कडू ते मॅग्नेशियम आणि त्याचे भाऊबंद, त्यांच्यामुळे पाणी जड होतं. एका लिटराला एवढं. तुमच्या मोठ्या पातेल्याला दोन-तीन मुठी होतील. आई, तुमचा हात कुठंही गेलेला नाही. तो विहिरीतलं मीठ धरून चालत होता, आणि मी पाण्यातलं मीठ काढून टाकलं. वालाचंही तेच. जड पाण्यात त्याची साल घट्ट राहते, म्हणून तो इतका वेळ शिजवूनही अखंड राहायचा. आताच्या पाण्यात तेवढा वेळ ठेवला की त्याचं पीठ होणारच."

आई बशीकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता खूश होतील. पण त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे इतकी वर्षं अर्धा स्वयंपाक ती विहीर करत होती," त्या म्हणाल्या, "आणि नाव माझं होत होतं."

मी म्हटलं, "विहीर सगळ्या गावाची होती. बाकी कोणाची पानं तशी परत आली?"

त्यांनी बशीतलं पुन्हा एकदा बोटावर घेऊन चाखलं. मग अचानक त्यांना हसू फुटलं, आणि ते थांबेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "आणि मी कैनाडवाल्यांना नावं ठेवली! त्यांच्याकडे डोंगराचं गोडं पाणी! अगं, ते बिचारे बरोबर होते गो!" हसता हसताच उठून त्यांनी स्टूल ओढलं आणि मला म्हणाल्या, "माळ्यावरचा डाव काढ."

त्या दिवसापासून आमच्या घरी शाळा भरली. दुपारी मोठ्या पातेल्यात वरण व्हायचं, आई डोळे मिटून मूठ टाकायच्या, आणि मग आम्ही दोघी आणि ठकी चाखायचो. घरच्या सरावाला चाखण्याची मुभा होती. पहिल्या दिवशी कमी, दुसऱ्या दिवशी इतकं खारट की ठकी तांब्याभर पाणी प्यायली. मी हिशोब मांडून वजन सांगायची. आई ते ऐकायच्या आणि आपल्या मुठीत बसवायच्या. वाल भिजवायचा वेळ त्यांनी कमी केला, आच उतरवली. ठकी रोज वरणाचा डबा भरून घरी न्यायची आणि म्हणायची, "लगीन होईपर्यंत आमच्या चुलीला सुट्टी." जसजसे दिवस गेले तसा आईंचा चेहरा खुलत गेला. फक्त एक अट होती: तात्यांना कळता कामा नये. "त्यांना सांगितलं तर लाउडस्पीकर लावून गावाला सांगतील. आधी मला जमू दे."

तात्यांना एवढंच कळलं की बायको पुन्हा रांधणार आहे. लग्न जवळ आलं तसे ते जरा जास्तच शीळ घालत फिरू लागले. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

लग्नाच्या दिवशी आमच्या वाडीतच मांडव होता. सकाळी चुलाणं पेटली, मोठी पातेली पिंपातल्या पाण्यानं भरून चढवली. वाल ठकीनं दोन दिवस आधीच घरी भिजवून मोड काढून आणले होते. आई देवघराकडे नैवेद्याची तयारी बघायला गेल्या होत्या. मी पिंपाजवळ हात धुवायला गेले. साबण चोळला, पुन्हा चोळला. फेसच येईना. हातावर पांढरट साका धरला.

मी साबणाकडे बघितलं, मग पिंपाकडे. इतर बायकांच्या पर्समध्ये लिपस्टिक असते तिथं माझ्या पर्समध्ये पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर असतो. तो पिंपात बुडवला. जिथं दोनशेच्या आत आकडा यायला हवा तिथं दोन हजारांच्या वर आला. पिंपात प्लांटचं पाणी नव्हतंच. देवळाच्या विहिरीचं होतं.

आईंची नवी मूठ या पाण्यात पडली असती तर वरण कोणाच्या घशाखाली उतरलं नसतं. आणि नैवेद्यापर्यंत त्या चाखणार नव्हत्या.

"ठकी, हे पाणी कोणी भरलं?"

"तात्यांनी. पहाटे टेम्पोवाल्या रघ्याला घेऊन आले नं. मला बोलले, बाईला सांगू नको."

तात्या मांडवाच्या खांबाआड उभे होते. पाणी समितीचे अध्यक्ष, ज्यांनी देवळासमोर तांब्या रिकामा केला होता, ते माझी नजर चुकवत झेंडूच्या माळा सारख्या करत होते.

"तात्या, हे काय केलंत?"

"हळू बोल," ते म्हणाले. "बारशाच्या दिवशी तुझा प्लांट बंद होता. मला काय कळत नाही? त्या विहिरीच्या पाण्यानंच तिचा हात चालतो. आज कैनाडची माणसं आहेत, सरिताची पंगत आहे. आज तिची पानं तशी परत यायलाच पाहिजेत. माझ्या प्लांटचं काय व्हायचं ते होऊ दे. तो माळ्यावर टाकलेला डाव मला पुन्हा बघवणार नाही."

मला त्या म्हाताऱ्याची शेंडी धरून हलवावीशी वाटत होती आणि पायाही पडावंसं वाटत होतं. तेवढ्यात मागून आवाज आला, "अहो."

आई उभ्या होत्या. हातात नैवेद्याचं ताट. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"आई," मी घाईनं म्हटलं, "अजून डाळ पडलेली नाही. हेच पाणी ठेवायचं असेल तर जुनी मूठ टाका. ती तर तुमच्या हातातलीच आहे. काही धोका नाही."

खरंच नव्हता. जुनं पाणी, जुनी मूठ, चाळीस वर्षांचा सराव. वाल तेवढे जास्त शिजवले असते की झालं. नवी मूठ अजून एकाही पंगतीनं बघितली नव्हती. आई पातेल्यांकडे बघत होत्या. पाण्याला आधण यायला लागलं होतं.

"हे मशीनचं पाणी कोणी आणलं गावात?" त्यांनी तात्यांना विचारलं.

"मी."

"सगळ्या गावाला कोणी पाजलं?"

"मीच की."

"मग गावानं प्यावं, पोराबाळांनी प्यावं, आणि तुमच्या बायकोच्या पातेल्यात तेवढं नको? लोकांना काय सांगाल?" त्यांचा आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते. "माझ्यासाठी केलंत ते कळलं मला. पण एवढ्यात मला मोडीत काढू नका." मग त्या ठकीकडे वळल्या. "ही पातेली उतर. हे पाणी भांडी घासायला ठेव. नळावरून नवीन भरा."

"भांडी घासायला फेस येणार नाही," मी पुटपुटले.

"मग तुझे सासरे घासतील," आई म्हणाल्या.

पातेली पुन्हा भरली, पुन्हा चढली. डाळ पडली. मिठाच्या वेळी आई डाव्या हातानं पदर सावरून उभ्या राहिल्या, डोळे मिटले आणि मूठ टाकली. एक, मग दुसरी. मी आणि ठकी एकमेकींचा हात धरून उभ्या होतो. शेवटची मूठ त्यांनी हवेत थांबवली, त्यातलं थोडं परत डब्यात सोडलं आणि उरलेलं टाकलं. का, ते मला विचारू नका. मी नंतर विचारलं तर म्हणाल्या, "हाताला वाटलं."

नैवेद्य झाला. अक्षता पडल्या. पंगत बसली. पुढच्या रांगेत कैनाडचे एक आजोबा बसले होते, नवरदेवाचे चुलत आजोबा. त्या जुन्या पंगतीतही ते होते असं ठकीनं माझ्या कानात सांगितलं. त्यांनी भात कालवला, पहिला घास घेतला, दुसरा घेतला आणि मोठ्यानं हाक मारली, "ओ वाढणारे! इकडे या जरा!"

मी मिठाची वाटी घेऊन धावले.

"हे काय आणलं?" आजोबा म्हणाले. "मीठ कोणी मागितलं? बिरडं आण की!"

मी वाटी तिथंच खाली ठेवली आणि बिरड्याचं पातेलंच ओढत आणलं. सुनिताताईंनीही दोनदा घेतलं. तिसऱ्यांदा मीच वाढलं, नको नको म्हणत असताना, थोड्या सूडानं.

पंगत उठली. आई पानांच्या वाटेवर जाऊन उभ्या राहिल्या. पानं समोरून जात होती आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात चिमूटभर मीठ होतं, कुठं जरा ओलं झालेलं, कुठं तसंच कोरडं. आई शेवटच्या पानापर्यंत उभ्या राहिल्या. सरिता शालू सावरत धावत आली आणि त्यांच्या गळ्यात पडली. तेव्हा मात्र त्या रडल्या, आणि मीही.

शेवटी घरच्यांची पंगत. तात्या हात धुऊन येऊन बसले. खरंच दोन पातेली घासून आले होते. मी पानं मांडत मीठ वाढत गेले आणि त्यांच्या पानाशी आल्यावर नेहमीसारखी पुढे सरकले. आईंनी मला थांबवलं, वाटी हातातून घेतली आणि स्वतः वाकून त्यांच्या पानाच्या कोपऱ्यात चिमूटभर मीठ ठेवलं.

"अगं, डॉक्टर," तात्या म्हणाले.

"विहिरीचं इतकं मीठ बंद झालंय, त्यातली एवढीशी चिमूट चालेल," आई म्हणाल्या. "आज पान पुरं असू दे."

जेवण झालं. तात्यांनी दोनदा वरण घेतलं, बोटं चाटली, कैनाडच्या आजोबांची नक्कल करून सगळ्यांना हसवलं आणि ढेकर देऊन उठले. आई त्यांच्या पानाजवळ गेल्या आणि वाकून बघितलं. कोपऱ्यात चिमूट होती तशीच.

"घेतलं नाहीत?" त्यांनी विचारलं.

तात्या हात पुसत वळले. "लागलंच नाही," ते म्हणाले.